कऱ्हाटींतील कुरणें व त्यांची रखवाली

कऱ्हाटीचा इतिहास म्हटला म्हणजे अभ्यासकांच्या डोळ्यांपुढें ठरीव गोष्टी उभ्या राहतात. मालोजीराजे इंदापुरास पडले; शहाजीराजांकडे पुणें, सुपें, इंदापूर, चाकण हे प्रांत जहागिरीस आले; सुपें येथील संभाजी मोहित्यांचें ठाणें इ. स. १६५६ च्या सुमारास शिवाजीमहाराजांनीं घेतलें. मोरोपंतांनीं बारामतीस राहून इ. स. १७९४ पर्यंत आर्या रचल्या. हें सर्व ज्या भूमीवर घडलें ती भूमि कोणी राखली, कशासाठीं राखली व कोणत्या नांवानें राखली, हा प्रश्न मात्र आमच्या संशोधकांनीं क्वचितच विचारला आहे. वनरक्षणाचा इतिहास बहुधा झाडांचा इतिहास म्हणून लिहिला जातो. कऱ्हाटींत झाडें थोडीं. येथील धन गवत. सबब त्या गवताच्या रखवालीचा मागोवा घेण्याचा हा प्रयत्न आहे.

कऱ्हा नदी पुरंदरच्या डोंगरांत उगम पावून सासवड, जेजुरी, मोरगांव यांवरून बारामतीस येते व सोनगांवापाशीं नीरेस मिळते. नीरा पुढें नरसिंगपुरास भीमेंत शिरते. या तीन नद्यांमधील उंचवटा म्हणजे मुरमाड माळ. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेंत असल्यामुळें येथें सालीना वीस इंचांच्या आसपासच पाऊस पडतो व तोहि भरवंशाचा नाहीं. मातीचा थर वीतभर, खालीं खडक. अशा ठिकाणीं मोठीं झाडें वाढत नाहींत. कुसळी, पवन्या, मारवेल हीं गवतें मात्र एका चांगल्या पावसावर गुडघाभर उभीं राहतात. झाडें तोडल्यामुळें हा माळ झाला, अशी समजूत फार दिवस होती. तृणभूमि ही स्वतंत्र सृष्टि आहे, बिघडलेलें अरण्य नव्हे, असें आतां वनस्पतिशास्त्रज्ञ निक्षून सांगतात. आमच्या जुन्या कारकुनांना ही गोष्ट शास्त्रावांचून ठाऊक होती, असें त्यांच्या लेखनपद्धतीवरून दिसतें.

याचें पहिलें प्रमाण प्रत्येक संग्राहकाच्या घरीं असेल. गांव इनाम दिल्याच्या सनदेंत ‘जल, तरु, तृण, काष्ठ, पाषाण, निधि, निक्षेप’ ही ओळ ठरलेली असते. वाचतांना आपण ती ओलांडून पुढें जातों, कारण ती सांचेबंद आहे. परंतु सांचा बनतो तो नित्य व्यवहारांतून. या ओळींत तरु एक, काष्ठ दुसरें आणि तृण तिसरें. उभें झाड, तोडलेलें लांकूड आणि गवत हे तीन निरनिराळे हक्क होते. एक दिल्यानें दुसरा आपोआप दिला जात नव्हता, म्हणूनच तिन्हींचा उच्चार करावा लागला. कोणी म्हणेल कीं ही केवळ लेखनशैली होय. तसें असेल तर वनचराई हा निराळा बाब कां असावा? परक्या कळपानें गवत खाल्लें तर त्याचें मोल द्यावयाचें, म्हणजे गवताला धनी आहे हें उभयपक्षीं मान्य होतें.

हा धनी गवतास इतका जपे याचें कारण घोडा. चिपळूणच्या छावणींतील जुमलेदार, हवालदार व कारकुनांस शिवाजीमहाराजांच्या राजवटींत, इ. स. १६७३-७४ च्या सुमारास, गेलेलें पत्र प्रसिद्ध आहे. रयतेस उपद्रव न देण्याविषयींचें पत्र म्हणून तें वारंवार छापलें जातें. पण त्यांतील निम्मी काळजी वैरणीची आहे. जमा केलेला दाणा व गवत आतांच मनास येईल तसें उडविलें तर ऐन पावसाळ्यांत घोडीं उपाशीं मरतील, मग लोक कुणब्यांच्या घरीं शिरतील, हा त्याचा युक्तिवाद. चूल, चिलीम, उंदरानें ओढून नेलेली दिव्याची वात यांमुळें गंजी पेटतील, अशी सूचनाहि त्यांत आहे. पत्र कोंकणांतील असलें तरी त्यामागील अनुभव देशावरच्या पागांचा होता. नीरा-भीमेच्या खोऱ्यांतील भीमथडीचें घोडें बुटकें, काटक व थोड्या चाऱ्यावर लांबची मजल मारणारें म्हणून नांवाजलें होतें; अलीकडे त्याची स्वतंत्र जात म्हणून सरकारी नोंदहि झाली आहे. तें घोडें या माळाच्या गवतावरच घडलें. राखून ठेवलेल्या माळास कुरण म्हणत, आणि कुरण म्हटलें कीं त्यास हद्द आली, राखणदार आला, कापणीचा हंगाम आला व हिशोब आला. मोकळा माळ आणि कुरण यांत हा भेद आहे व पुढील सर्व इतिहास या भेदावर उभा आहे.

रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रांत आंबा, फणस वगैरे झाडें रयतेनें लेंकराप्रमाणें वाढविलीं असल्यामुळें आरमारासाठींहि त्यांस हात लावूं नये, अगदींच जुनें झाड असेल तर धन्यास राजी करून द्रव्य देऊन घ्यावें, असा अर्थ आहे. पर्यावरणाचे आधुनिक लेखक हा उतारा आवडीनें देतात. तो आहेच तसा. परंतु त्यावरून मराठ्यांची रक्षणबुद्धि झाडांपुरती होती असें अनुमान काढणें म्हणजे कोंकणचा न्याय देशास लावणें होय.

येथें एका विसंगत गोष्टीचा निर्देश करणें अवश्य वाटतें. आदिलशाही स्वारीनें पुणें प्रांत उजाड झाल्यावर दादोजी कोंडदेवांनीं लागवड वाढविली आणि लांडग्यांचा उपद्रव मोडण्यासाठीं मारणारांस बक्षिसें लाविलीं, असें बखरी सांगतात. पुढें इंग्रजी अमलांतहि लांडग्यावर बक्षीस होतेंच. म्हणजे ज्या राज्यकर्त्यांनीं गवत राखलें त्यांनींच गवतांतील जनावर मारविलें. आणि आजचा कायदा लांडग्यास पहिल्या अनुसूचींत घालतो, गवतास कोणत्याच नाहीं. कोणत्या काळाची दृष्टि अधिक पुरी होती याचा निवाडा प्रस्तुत लेखक करीत नाहीं.

इ. स. १८१८ नंतर पागा मोडल्या व कुरणांचें प्रयोजन गेलें. पण कुरणांस खरा धक्का बसला तो लढाईनें नव्हे, मोजणीनें. आणि ती मोजणी याच मुलखांत जन्मली, हा योगायोग लक्षांत ठेवण्यासारखा आहे. प्रिंगल साहेबानें १८३० च्या आगेमागें केलेली पहिली पाहणी जमिनीच्या निव्वळ उत्पन्नाच्या हिशोबावर बसविलेली होती. ती फसली, आकार जड झाला, इंदापूर तालुक्यांतील कुळें जमिनी टाकून चाललीं. तेव्हां गोल्डस्मिड या मुलकी अधिकाऱ्यानें व विंगेट या एंजिनीयर लेफ्टनंटानें १८३५ पासून इंदापूर नव्यानें मोजलें, आकार उतरविला व तीस वर्षें तो कायम केला. हाच पुढें सबंध मुंबई इलाख्याचा नमुना झाला आणि १८४७ च्या संयुक्त अहवालानें त्यास शास्त्राचें रूप आलें. रयतेस त्या वेळीं यानें दिलासा मिळाला, हें कबूल केलेंच पाहिजे. ओस पडलेलीं शेतें पुन्हा नांगराखालीं आलीं.

परंतु या पद्धतींत जमिनीची प्रत ठरे ती मातीची खोली, रंग व दोष यांवरून. खोल काळी जमीन सोळा आणे, उथळ मुरमाड जमीन चार-दोन आणे. म्हणजे ज्या माळावर उत्तम पवन्या उगवे तो माळ कागदावर निकृष्ट ज्वारीची जमीन ठरला. जी नांगरली नाहीं ती पडीक. सनदेंतील ‘तृण’ हा शब्द ज्या जागीं होता त्या जागीं आतां एक रिकामेपण आलें. शब्द बदलला, जमीन तीच राहिली. परंतु कुरण राखावयाचें असतें आणि पडीक लागवडीस आणावयाचें असतें, एवढा फरक त्या शब्दानें केला. हलक्या आकारामुळें असा माळ नांगरणें परवडूं लागलें. १८६६-६७ सालीं इंदापुरची मुदत संपून सारा बराच वाढला, भीमथडींतहि तीच गत झाली. आणि १२ मे १८७५ रोजीं सुपें येथें बाजाराच्या दिवशीं सावकारांचीं खतें जाळून दख्खनच्या दंग्यास तोंड लागलें. दंग्याचीं कारणें अनेक आहेत. नांगरलेला हलका माळ दोन सालें पिकून तिसऱ्या सालीं बुडवितो व कुळास सावकाराच्या दारीं नेतो, हें त्यांपैकीं एक मानावें असें मला वाटतें.

पुढील हकीकत थोडक्यांत सांगतां येईल. १८७८ च्या जंगल कायद्यानें उरलेल्या माळांपैकीं कांहीं राखीव वनांत गेले व चराई सरकारी परवानगीची बाब झाली. मात्र खातें जंगलाचें असल्यामुळें त्याची नजर झाडावर. १८७६-७७ च्या दुष्काळांतील काम म्हणून आरंभिलेल्या नीरा डाव्या कालव्यास १८८५ त पाणी सुटलें आणि कऱ्हाटीचे दोन भाग झाले: दक्षिणेस बागाईत, उत्तरेस जिराईत माळ. सरकार, शास्त्रज्ञ व भांडवल दक्षिणेकडे धांवलें. तेथेंहि अतिपाण्यानें जमिनी खारावल्या, त्यावर मॅन व तम्हाणे यांनीं १९१० त नीरा खोऱ्याच्या खाऱ्या जमिनींविषयीं पुस्तिका लिहिली. उत्तरेच्या माळावर कोणी पुस्तिका लिहिली नाहीं.

याच काळांत सृष्टिरक्षणासाठीं लोकांनीं स्वतः मंडळें काढण्यास आरंभ केला. मुंबईची नॅचरल हिस्टरी सोसायटी १५ सप्टेंबर १८८३ रोजीं आठ गृहस्थांनीं स्थापिली, त्यांत डॉ. आत्माराम पांडुरंग व डॉ. सखाराम अर्जुन हे दोघे आपले होते, ही गोष्ट आम्हीं फारशी सांगत नाहीं. नमुने व टिपणें जमविणें हा तिचा मूळ हेतु, आणि सभासदांत शिकारी पुष्कळ. तरीहि मुंबई राज्याचा १९५१ चा वन्य पशुपक्षी संरक्षण कायदा तिच्या परिश्रमाचें फळ होय, व त्याची पुढची पायरी १९७२ चा अखिल भारतीय कायदा. या सर्व चळवळीचें लक्ष्य प्राणी होता. चिंकारा वांचला पाहिजे हें ठरलें; चिंकारा जें खातो व ज्यांत लपतो त्याचें काय, हा प्रश्न मागें पडला.

त्याचा परिणाम स्वातंत्र्योत्तर काळांत दिसून आला. १९८५ त पडीक जमीन विकास मंडळ स्थापन झालें आणि २००० सालच्या पडीक जमिनींच्या राष्ट्रीय नकाशांत झुडपी माळ व गवताळ रानें पडीकांतच गणलीं गेलीं: विंगेटच्या काळचा शब्द, उपग्रहाच्या साहाय्यानें काढलेला. हिरवळ वाढविण्याच्या सद्धेतूनें माळांवर चर खणून गिरिपुष्प, सुबाभूळ अशीं परदेशी झाडें लावण्यांत आलीं. सावलींत पवन्या मरतो. गवत गेलें कीं चंडोल, धाविक, खोकड, लांडगा हे एकामागून एक जातात, आणि धनगराची मेंढरेंहि. १९९७ सालीं सुपें येथें मयूरेश्वर अभयारण्य झालें. त्याचें क्षेत्र ५.१४ चौरस किलोमीटर, म्हणजे सुमारें पावणेतेराशें एकर. एका मोठ्या गांवाच्या शिवाराहून तें लहान आहे व त्यांतहि लावलेल्या झाडांनीं भाग व्यापला आहे. इंदापूर तालुक्यांतील कडबनवाडीस ग्रामस्थांनीं चिंकारा जपला. पुण्याचा ग्रासलँड्स ट्रस्ट लांडग्यासाठीं व त्याच्या माळासाठीं काम करतो. वनखात्यानेंहि अलीकडे कडबनवाडी व शिर्सुफळाकडील माळांवर प्रवाशांस गवताळ रानें दाखविण्याची व्यवस्था केली आहे. गवताच्या नांवानें रखवाली पुन्हा सुरू झाली, तिला मध्यें पावणेदोनशें वर्षें लोटलीं.

अभयारण्याबाहेरील माळाचा प्रश्न मात्र अजून कागदाचाच आहे. जी जमीन पडीक म्हणून नोंदली ती कारखान्यास, वीजनिर्मितीस वा झाडें लावण्यास देतांना कोणाचें कांहीं गेलें असें दप्तरीं दिसत नाहीं. तीच जमीन पूर्वीं हद्द घालून राखलेलें कुरण होती असें अस्सल कागदानें दाखवितां आलें तर ‘येथें पूर्वीपासून कांहींच नव्हतें’ हा पक्ष उभा राहूं शकत नाहीं. सरदेसायांच्या संपादनाखालीं पेशवे दप्तराचे ४५ भाग १९३० ते १९३४ या काळांत निघाले. त्या निवडीचा रोख मुख्यतः राजकारण व मोहिमा यांवर होता. कुरणाची कापणी, राखणदाराचा मुशाहिरा, पेंढ्यांची मोजदाद, चराईवरून दोन गांवांत झालेल्या कज्जाचा महजर, असले कागद देशमुख, देशपांडे व पाटील-कुलकर्ण्यांच्या घरच्या रुमालांत शोधावे लागतात, आणि विकत घेणारे संग्राहक बहुधा त्यांस हात लावीत नाहींत. सुपें, शिर्सुफळ, मोरगांव, कडबनवाडी, पळसदेव व इंदापूर या बाजूचे असे कागद ज्यांचे संग्रहीं असतील त्यांनीं तिथि, गांव, शिक्का व चतुःसीमा यांच्या तपशिलासह नकला प्रसिद्ध कराव्या. चतुःसीमेंतील ओढ्यांचीं, टेकड्यांचीं व पाणंदींचीं नांवें गाळूं नयेत. आजच्या गट क्रमांकांशीं जुनें कुरण जुळविण्यास तींच उपयोगीं पडतात.