कर्ज झाले की काढले?

मराठीत कर्जाविषयी बोलण्याच्या दोन रीती आहेत. ‘त्याला कर्ज झाले’ असे आपण म्हणतो आणि ‘त्याने कर्ज काढले’ असेही म्हणतो. पहिल्या वाक्यात कर्ज एखाद्या दुखण्यासारखे येते. ज्याला ते होते तो दयेचा विषय ठरतो. दुसऱ्या वाक्यात कोणीतरी विचार करून, सही करून पैसा उचललेला असतो आणि त्याला जाब विचारता येतो. सरकारी कर्जाविषयीचे लेखन मात्र बहुतेक पहिल्याच रीतीने चालते. तूट ‘वाढते’, बोजा ‘चढतो’, परिस्थिती ‘हाताबाहेर जाते’. या वाक्यांतून कर्ता नाहीसा झालेला असतो.

‘कर्ता’ हा शब्द आपल्याकडे व्याकरणाबाहेरही वावरतो. एकत्र कुटुंबाचा कारभार पाहणारा तो कर्ता. कुटुंबाच्या नावावर कर्ज काढण्याचा अधिकार त्याला असतो, पण तो अनिर्बंध नसतो. कर्ज कुटुंबाच्या खऱ्या गरजेसाठी वा हितासाठी काढले असेल तरच ते इतर सभासदांवर बंधनकारक होते. गेल्या दोनशे वर्षांतील हिंदुस्थानच्या सार्वजनिक कर्जाचा इतिहास या दोन्ही अर्थांनी कर्त्याच्या शोधाचा इतिहास आहे. तो तसा वाचून पाहावा, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

धर्मशास्त्रकारांनी या प्रश्नाचा बारकाईने विचार केला होता. बापाचे कर्ज मुलाने फेडावे हा सर्वसाधारण नियम. पण याज्ञवल्क्यस्मृती आणि तिच्यावरील विज्ञानेश्वराची ‘मिताक्षरा’ या नियमाला ठळक अपवाद सांगतात. मद्यासाठी, जुगारासाठी, कामवासनेसाठी केलेले कर्ज, दंडाची वा जकातीची थकबाकी आणि निरर्थक दानाचे वचन या गोष्टी मुलाच्या डोक्यावर येत नाहीत. म्हणजे ऋण फेडणे हे पुण्य असले तरी ते कशासाठी काढले हा प्रश्न विचारणे पाप नव्हते. इंग्रजी अमदानीतील न्यायालयांनी हा भेद पुढे चालवला. मुंबई इलाख्यात तर १८६६च्या कायद्याने वारसाची जबाबदारी त्याला मिळालेल्या मालमत्तेपुरतीच मर्यादित केली. अखेर २००५च्या हिंदू उत्तराधिकार दुरुस्तीने मुलाचे हे ‘पवित्र कर्तव्य’ पुढील कर्जांपुरते कायद्याच्या दृष्टीने संपवले. घराच्या बाबतीत आपण एवढे पुढे आलो. राष्ट्राच्या बाबतीत मात्र न जन्मलेल्या मुलावरही ते कर्तव्य आहे, आणि कर्ज कशासाठी काढले हे विचारण्याची सोयही त्याला नाही.

पेशवाईत राज्याचे कर्ज आणि राज्यकर्त्याचे कर्ज यांत स्पष्ट रेघ नव्हती. पहिल्या बाजीरावाने धावडशीच्या ब्रह्मेंद्रस्वामींना लिहिलेल्या पत्रांत सावकारांपुढे नमून नमून जेरीस आलेला माणूस दिसतो. आणि हे स्वामी स्वतःही व्याजाने पैसे देणारे होते. स्वाऱ्यांचा खर्च आधी आणि चौथाईची वसुली नंतर, असा तो व्यवहार असल्याने विजयाबरोबर कर्जही वाढत असे. थोरले माधवराव १७७२ साली थेऊरला मृत्युशय्येवर असताना त्यांनी कारभारासंबंधी जी नऊ कलमी यादी करवून घेतली, तीत राज्याचे कर्ज वारण्याची चिंता आहे. त्या व्यवस्थेत रयतेला हिशेब मागण्याचा हक्क नव्हता, हे विसरून तिचे गोडवे गाण्याचे कारण नाही. एवढे मात्र खरे की त्या कर्जाला चेहरा होता. सावकार कोणाच्या दारात धरणे धरून बसेल हे सर्वांना ठाऊक होते.

कंपनी सरकारच्या काळात हा चेहरा पुसला गेला. १८३३च्या सनदेने कंपनीचा व्यापार बंद झाला आणि ती केवळ राज्यकर्ती संस्था उरली. तिच्या भागधारकांचे ६० लाख पौंडांचे भांडवल होते. त्यावर साडेदहा टक्के, म्हणजे वर्षाला ६,३०,००० पौंड लाभांश हिंदुस्थानच्या महसुलातून देण्याची हमी पार्लमेंटने दिली. याच कायद्याने सर्व आर्थिक सत्ता गव्हर्नर-जनरलच्या हाती एकवटली. तिचा परिणाम काय झाला, हे डॉ. आंबेडकरांनी १९२५ साली प्रसिद्ध झालेल्या प्रांतिक अर्थव्यवस्थेवरील ग्रंथात दाखवून दिले आहे. खर्च करणार ते प्रांत, पैसा उभा करणार ते वरिष्ठ सरकार. त्यामुळे काटकसरीत कोणाचेच हित उरले नाही. मागणीचा आवाज जेवढा मोठा तेवढी प्राप्ती अधिक. तुटीचे मूळ उधळ्या स्वभावात नसून सत्ता आणि जबाबदारी यांच्या ताटातुटीत आहे, हे त्या विवेचनाचे मर्म आजही शिळे झालेले नाही.

१८५७चा उठाव मोडून काढण्याचा खर्च हिंदुस्थानच्याच खाती पडला. उठावापूर्वी सुमारे सहा कोटी पौंड असलेले कर्ज १८६०पर्यंत दहा कोटींच्या घरात गेले. १८५८च्या कायद्याने राज्य राणीकडे आले, पण कंपनीची देणी आणि तिच्या भांडवलावरील लाभांश हिंदुस्थानच्या महसुलावरच ठेवण्यात आला. कंपनी १ जून १८७४ रोजी विसर्जित झाली. तिच्या भागधारकांना शंभर पौंडांच्या भागामागे दोनशे पौंड देऊन मोकळे करण्यात आले, आणि तो भारही हिंदुस्थानवर पडला. जिंकले जाण्याची किंमत जिंकलेल्यांनीच चुकवली. गुलाम विकला जाताना स्वतःच्या किमतीच्या खतावर अंगठा उमटवतो, तसाच हा प्रकार होता.

हा अन्याय मराठी माणसाच्या ध्यानात फार लवकर आला होता. दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी १८३६ साली मराठीचे व्याकरण प्रसिद्ध केले हे साहित्याच्या विद्यार्थ्यांना ठाऊक असते. त्यांचे धाकटे बंधू भास्कर पांडुरंग यांनी १८४१ साली ‘बॉम्बे गॅझेट’मध्ये ‘एक हिंदू’ या नावाने पत्रे लिहून कंपनी सरकार देशाची संपत्ती कशी ओढून नेते हे मांडले, याची आठवण त्यामानाने कमी होते. एका भावाने वाक्यातला कर्ता ओळखायला शिकवले, दुसऱ्याने राज्यकारभारातला.

उठावानंतरची तूट भरून काढण्यासाठी जेम्स विल्सन विलायतेहून आले आणि १८६० साली त्यांनी हिंदुस्थानचे पहिले अंदाजपत्रक मांडले. प्राप्तिकर इथे आला तो असा. कर बसला, पण कर देणाऱ्यांचा प्रतिनिधी त्या सभेत नव्हता. वीस वर्षांनी दुसऱ्या अफगाण युद्धाने या व्यवस्थेचे खरे रूप उघडे केले. युद्धखर्चाचा सरकारी अंदाज एक कोटी पौंडांहून अधिक रकमेने चुकला. अर्थखाते सांभाळणाऱ्या सर जॉन स्ट्रॅची यांना १८८०च्या अखेरीस जावे लागले. इंग्लंडमधील सत्तांतरानंतर ब्रिटिश तिजोरीने ५० लाख पौंडांचा वाटा उचलला. उरलेले ओझे मात्र ज्यांनी ते युद्ध मागितले नव्हते त्यांच्यावर राहिले. चूक झाल्याबद्दल माणूस गेला, खर्च देणारे बदलले नाहीत.

गोपाळ कृष्ण गोखल्यांचे महत्त्व येथे लक्षात येते. १८९७ साली वेल्बी आयोगापुढे साक्ष देताना त्यांनी हिंदुस्थानी खर्चावर हिंदी लोकांचे कसलेच नियंत्रण नसल्याचे दाखवून दिले. पुढे २६ मार्च १९०२ रोजी वरिष्ठ कायदेमंडळात अंदाजपत्रकावर ते प्रथम बोलले, तेव्हा सरकारच्या खात्यावर तूट नव्हती. उलट लागोपाठ शिल्लक पडत होती आणि सरकार त्याबद्दल समाधानी होते. गोखल्यांनी त्या शिल्लकेवरच हल्ला चढवला. दुष्काळाने व प्लेगाने खंगलेल्या रयतेकडून गरजेपेक्षा अधिक कर वसूल होत असेल, तर ती शिल्लक समृद्धीची खूण नसून दुहेरी अन्याय आहे, असा त्यांचा आशय होता. १९०३ साली मिठावरील कर मणामागे अडीच रुपयांवरून दोन रुपयांवर आला. तुटीला दुर्गुण आणि शिलकीला सद्गुण मानणाऱ्यांनी ते भाषण अवश्य वाचावे. आकडा उणे आहे की अधिक, यापेक्षा तो कोणाच्या संमतीने आणि कोणाच्या पोटातून निघाला, हा गोखल्यांचा प्रश्न होता.

डिसेंबर १९२२मध्ये गया येथील काँग्रेसने यापुढे एक पाऊल टाकले. जनतेचे प्रतिनिधित्व न करणाऱ्या कायदेमंडळांच्या संमतीने सरकार यापुढे जी कर्जे काढील ती स्वतंत्र हिंदुस्थानला बंधनकारक राहणार नाहीत, असा ठराव झाला. १९३१ साली बहादुरजी, भुलाभाई देसाई, के. टी. शहा आणि जे. सी. कुमारप्पा यांच्या समितीने ब्रिटन व हिंदुस्थान यांच्यातील देण्याघेण्याची छाननी करून कोणती कर्जे देशाची नव्हेत, हे निवडून काढले. विज्ञानेश्वराच्या अपवादांची आठवण व्हावी असेच हे काम होते.

पण स्वातंत्र्य आले तेव्हा चित्र पालटलेले होते. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनसाठी केलेल्या खर्चाची भरपाई लंडनमध्ये पौंडांच्या खात्यात जमा होत राहिली आणि युद्धाच्या अखेरीस ती सुमारे १३० कोटी पौंडांवर गेली. ऋणको देश धनको झाला. त्या पौंडांच्या तारणावर इथे नोटा छापल्या गेल्या, भाव भडकले आणि १९४३च्या बंगालच्या दुष्काळात त्या महागाईचाही हात होता. म्हणून या ‘शिलकी’चेही कौतुक बेताने करावे. ब्रेटन वुड्स येथे १९४४ साली या खात्याची बाजू मांडणाऱ्या शिष्टमंडळात रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख होते. स्वतंत्र भारताने जुनी कर्जे नाकारली नाहीत. फाळणीच्या वाटाघाटीत अखंड हिंदुस्थानचे सारे सार्वजनिक कर्ज भारताने स्वतःकडे घेतले. पाकिस्तानने आपला वाटा भारताला हप्त्यांनी द्यायचा होता. तो आला नाही, आणि त्यापोटी ३०० कोटी रुपयांची नोंद पुढे कित्येक दशके भारताच्या अंदाजपत्रकाच्या कागदांत दिसत राहिली.

आता कर्ता आपणच होतो. संविधान सभेत ऑगस्ट १९४९मध्ये कर्जाच्या अधिकाराचे कलम चर्चेला आले. आज ते २९२ व्या क्रमांकाचे आहे. संसद कायद्याने ‘काही मर्यादा घालील तर’ तिच्या आत केंद्राने कर्ज काढावे, अशी त्याची रचना आहे. त्या ‘तर’विषयी काही सभासदांनी काळजी व्यक्त केली. डॉ. आंबेडकरांनी उत्तर दिले, ते असे : संसद हा विषय गांभीर्याने घेईल आणि मर्यादेचे कायदे करत राहील अशी आपल्याला आशा आहे, नव्हे अपेक्षा आहे. ‘आशा’ आणि ‘अपेक्षा’ यांत त्यांनी केलेला फरक सूक्ष्म आहे. आशा दुसऱ्याच्या कृपेवर असते, अपेक्षा त्याच्या कर्तव्यावर.

ही अपेक्षा पुरी व्हायला अर्धशतकाहून अधिक काळ लागला. मधल्या काळात घडले ते उलटेच. जानेवारी १९५५मध्ये सरकार आणि रिझर्व्ह बँक यांच्यात एक व्यवस्था ठरली. शुक्रवारी सरकारच्या खात्यातील शिल्लक ५० कोटी रुपयांखाली गेली की ‘अ‍ॅड हॉक’ ट्रेझरी बिले काढून ती आपोआप भरली जाई. ‘आपोआप’ हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. कर्ज ‘होण्याची’ याहून निर्दोष यंत्रणा सापडणे कठीण. दुसऱ्या पंचवार्षिक योजनेत ४,८०० कोटींपैकी १,२०० कोटी रुपये तुटीच्या अर्थभरण्यातून उभे करायचे ठरले, तेव्हा बी. आर. शेणॉय यांनी १९५५ साली भिन्नमतपत्रिका लिहून धोका सांगितला होता. गरीब देशाने धरणे, कारखाने, शाळा यांसाठी कर्ज काढू नये असे म्हणणे मात्र चुकीचे ठरेल. तशी कर्जे कुटुंबाच्या हिताचीच होत. खरी घसरण १९७९-८०पासून सुरू झाली. तेव्हापासून केंद्राच्या महसुली खात्यावरच कायमची तूट दिसू लागली, म्हणजे पगार, व्याज आणि अनुदाने यांसाठीही उसनवारी चालू झाली.

१९९१ साली केंद्राची वित्तीय तूट राष्ट्रीय उत्पन्नाच्या आठ टक्क्यांच्या आसपास पोचली होती. परकीय चलन संपत आले. मे महिन्यात चंद्रशेखर यांच्या काळजीवाहू सरकारने २० टन सोने परदेशी धाडले, जुलैत नरसिंह राव सरकारच्या काळात आणखी ४७ टन गेले. कर्ज ज्या सरकारांनी वाढवले ती तेव्हा सत्तेवर नव्हती. नाचक्की काही महिन्यांच्या सरकारच्या पदरी पडली आणि सावरण्याचे श्रेय त्यानंतरच्या सरकारला मिळाले. लोकशाहीत कर्जाची हीच मोठी अडचण आहे. खर्चाचे पुण्य आजच्या निवडणुकीत मिळते, परतफेडीचे पाप दुसऱ्याच कोणाच्या निवडणुकीत.

त्या मे महिन्यात यशवंत सिन्हा अर्थमंत्री होते. डिसेंबर २०००मध्ये वित्तीय जबाबदारीचे विधेयक लोकसभेत मांडणारे अर्थमंत्रीही तेच. ‘अ‍ॅड हॉक’ बिले त्याआधीच, १ एप्रिल १९९७पासून, बंद झाली होती. २००३च्या कायद्याने महसुली तूट नाहीशी करण्याचे आणि वित्तीय तूट तीन टक्क्यांवर आणण्याचे उद्दिष्ट ठेवले. २००७-०८मध्ये तूट खरोखर अडीच टक्क्यांपर्यंत उतरली. पुढल्याच वर्षी शेतकरी कर्जमाफी, वेतन आयोग आणि जागतिक मंदी यांच्या माऱ्यात ती सहा टक्क्यांवर गेली. तेल कंपन्यांना दिलेले रोखे तर या आकड्याच्या बाहेरच होते. २०१८च्या दुरुस्तीने महसुली तुटीचे उद्दिष्टच गाळले. करोनाच्या २०२०-२१ या वर्षी वित्तीय तूट ९.२ टक्के झाली. त्या वर्षीच्या खर्चाबद्दल कोणी समंजस माणूस तक्रार करणार नाही. तक्रार आहे ती चांगल्या वर्षांत गाळलेल्या शब्दांबद्दल.

त्या कायद्यातील मला सर्वांत मोलाचे वाटणारे कलम आकड्यांचे नाही. उद्दिष्टापासून ढळल्यास अर्थमंत्र्याने दोन्ही सभागृहांत निवेदन करून कारण सांगावे, असे सातवे कलम म्हणते. म्हणजे कोणीतरी उभे राहून, प्रथमपुरुषी क्रियापद वापरून बोलले पाहिजे. ज्या देशाच्या कर्जाचा इतिहास शंभराहून अधिक वर्षे परक्यांच्या सहीने आणि पुढे चाळीसेक वर्षे ‘आपोआप’ या शब्दाने लिहिला गेला, त्या देशात हे थोडे नाही. ते निवेदन लक्ष देऊन ऐकण्याचे काम मात्र कायद्याला करता येत नाही. ते वाचकांचे आहे, आणि वाक्यातला कर्ता शोधण्याची सवय ज्यांना शाळेपासून लावली गेली आहे, त्यांचे विशेष करून आहे.