वऱ्हाडात आलेले डायनासोर

१९९४ सालची गोष्ट. अकोल्याच्या एका टॉकीजसमोर मी मामांबरोबर तिकिटाच्या रांगेत उभा होतो. मामा मोर्शीकडचे, संत्र्याचे बागाईतदार. इंग्रजी सिनेमाच्या वाटेला ते कधी गेले नव्हते. पण 'जुरासिक पार्क' हिंदीत बोलत होता, आणि सारा फरक तिथेच पडला.

स्टीव्हन स्पिलबर्ग यांचा हा चित्रपट अमेरिकेत जून १९९३ मध्ये झळकला. पुढच्या वर्षी त्याची हिंदी आवृत्ती भारतात आली आणि परदेशी चित्रपटाला लहान गावांतही प्रेक्षक असतो, हे धंद्याला कळलं. आमचा मुलूख चित्रपट व्यवसायात आजही 'सी. पी. बेरार' म्हणून ओळखला जातो. इंग्रजांनी आखलेला तो प्रांत केव्हाच गेला, वितरकांच्या वहीत मात्र टिकला! अमरावती हे या वितरणाचं जुनं ठाणं.

पडद्यावरचे डायनासोर संगणकातून जन्मले, असं तेव्हा सगळेच सांगत. ते अर्धंच खरं. दोन तासांच्या चित्रपटात संगणकाची दृश्यं जेमतेम काही मिनिटांची. बाकी काम स्टॅन विन्स्टन यांच्या कारागिरांनी बनवलेल्या यांत्रिक प्राण्यांचं. पावसाच्या प्रसंगात टी-रेक्सची फोमची कातडी पाणी पिऊन जड होई आणि ते अजस्र धूड थरथरू लागे. मग माणसं टॉवेल घेऊन त्याला कोरडं करीत.

आम्हाला यातलं काही ठाऊक नव्हतं. टी-रेक्स गरजला तेव्हा टॉकीज चिडीचूप झालं. पण मामांच्या मनात राहिला तो प्रयोगशाळेतला प्रसंग, अंडं फोडून पिलू बाहेर येतं तो. बाहेर पडल्यावर म्हणाले, "एवढ्याशा अंड्यातून असा राक्षस? काबे, आपल्याइकडं नसतीन का हे रायले?"

मी कॉलेजात शिकणारा. ऐटीत सांगितलं, "नाही मामा, ते तिकडं अमेरिकेत."

पुढे १९९७, २००१ आणि २०१५ साली याच मालिकेतले चित्रपट येत गेले. मी तेही पाहिले, पण पहिल्याची सर कुणालाच नाही.

दरम्यान अमरावती विद्यापीठाच्या भूशास्त्रज्ञांनी मोर्शी तालुक्यातल्या सालबर्डीच्या परिसरात, आपल्या काळ्या बेसाल्टखालच्या लॅमेटा थरांत, डायनासोरचं हाड शोधलं. मग अंड्यांचं घरटंही. साडेसहा कोटी वर्षांहून जुनं, लांब मानेच्या शाकाहारी डायनासोरांचं. नावात 'जुरासिक' असलं तरी टी-रेक्स त्यानंतरच्या क्रिटेशियस काळातला. सालबर्डीची अंडीही त्याच काळातली.

मामा दर महाशिवरात्रीला सालबर्डीच्या यात्रेला जात. त्या खडकांवरून किती वेळा चालले असतील! घरट्याची बातमी मी वाचली, तेव्हा ते हयात नव्हते. टॉकीजबाहेर दिलेलं माझं उत्तर चुकलं होतं, हे त्यांना सांगायचं राहूनच गेलं.