मागची सीट काढली आणि मस्टँग ‘स्पोर्ट्स कार’ झाली

‘फोर्ड व्ही फेरारी’ या चित्रपटामुळे कॅरोल शेल्बी आणि केन माइल्स ही नावे आपल्याकडेही घरोघरी पोहोचली. त्या चित्रपटाचा केंद्रबिंदू ले मान्स आहे. परंतु त्याच काळात या दोघांनी केलेले दुसरे एक काम इतिहासाच्या दृष्टीने तितकेच रोचक आहे, आणि त्याचे मूळ वेगात नसून नियमपुस्तिकेत आहे.

१७ एप्रिल १९६४ रोजी न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात फोर्डने मस्टँग सादर केली. लांब बॉनेट, आखूड डिकी, आवाक्यातली किंमत. पोटात मात्र साध्या फाल्कन गाडीचे पुष्कळसे भाग. खप प्रचंड झाला, तरी शर्यतींच्या वर्तुळात तिला मान नव्हता. तो मिळवून देण्याची गळ फोर्डच्या ली आयाकोकाने शेल्बीला घातली.

अडचण व्याख्येची होती. स्पोर्ट्स कार क्लब ऑफ अमेरिकेच्या लेखी स्पोर्ट्स कार म्हणजे दोन आसनांची गाडी, आणि मस्टँगला चार आसने. क्लबच्या अटी अशा ठरल्या: आसने दोनच हवीत, १ जानेवारी १९६५ पर्यंत १०० गाड्या तयार हव्यात, आणि शर्यतीसाठी इंजिन किंवा सस्पेन्शन यांपैकी एकातच बदल करता येतील, दोन्हींत नाही.

शेल्बीची खरी हुशारी या शेवटच्या अटीपाशी दिसते. शर्यतीचे सस्पेन्शन त्याने विक्रीच्या प्रत्येक गाडीतच बसवले. ते ‘मूळचे’ ठरले, आणि शर्यतीच्या गाडीत इंजिनाला हात घालण्याची मुभा शिल्लक राहिली.

मागची सीट गेली. तिच्या जागी फायबरग्लासचा फळा आणि त्यावर स्टेपनी. वजनाचा तोल साधण्यासाठी बॅटरी डिकीत. पुढच्या चाकांचे वरचे कंट्रोल आर्म एक इंच खाली जोडले गेले, त्यामुळे वळणावर गाडी कलली तरी बाहेरचे चाक रस्त्याला अधिक सपाट टेकून राही. कोनी शॉक ॲब्सॉर्बर, पुढे डिस्क ब्रेक आणि मागे ‘डिट्रॉइट लॉकर’ डिफरन्शियल आले. इंजिनाची शक्ती २७१ वरून ३०६ अश्वशक्तीवर नेली. ही जीटी३५०.

१४ फेब्रुवारी १९६५ रोजी टेक्सासमधील ग्रीन व्हॅली येथे जीटी३५०ने पहिली शर्यत जिंकली. सुकाणूवर केन माइल्स होता. उंचवट्यावरून उडालेल्या, चारही चाके हवेत असलेल्या गाडीचे त्या दिवशीचे छायाचित्र आजही वारंवार छापले जाते. निव्वळ शर्यतीसाठीच्या ‘आर’ प्रकारच्या गाड्या अवघ्या ३६ बनल्या. त्यांपैकीच एक चालवून जेरी टायटसने त्या वर्षीचे बी-प्रॉडक्शन विजेतेपद मिळवले. हा टायटस मोटार-नियतकालिकाचा संपादक होता, हेही नोंदवण्याजोगे!

किंमत मोजली ती सामान्य ग्राहकाने. दणकट सस्पेन्शन कंबर मोडी, लॉकर वळणावर खडखडे, बाजूने निघणाऱ्या एक्झॉस्टचा आवाज कानठळ्या बसवी. नियमाची पूर्तता करण्यासाठी घडलेली गाडी रोज कामावर नेणे सोपे नव्हते. तक्रारी वाढल्या आणि १९६६ची आवृत्ती मवाळ झाली: लॉकर ऐच्छिक, पांढऱ्याखेरीज इतर रंग, आणि मागची सीटही परतली.

त्याच वर्षी भाड्याने मोटारी देणाऱ्या हर्ट्झ कंपनीने सुमारे १,००० जीटी३५० घेतल्या. बहुतेक काळ्या, सोनेरी पट्ट्यांच्या. शनिवारी भाड्याने नेऊन ट्रॅकवर पळवलेल्या आणि सोमवारी निमूटपणे परत केलेल्या गाड्यांच्या कथा अमेरिकेत अजून रंगतात. त्यांत अतिशयोक्ती असणारच. बी-प्रॉडक्शनचे विजेतेपद मात्र १९६६ आणि १९६७ मध्येही जीटी३५०कडेच राहिले.