म्हणींतील मूर्ख : लक्षण, व्यंग आणि हसणारा

मराठी म्हणींना 'पिढ्यान्‌पिढ्यांचे शहाणपण' म्हणून गौरवण्याची प्रथा आहे. मूर्खपणा आणि दुर्गुण यांवर बोट ठेवणाऱ्या म्हणींत मानवी स्वभावाचे कालातीत दर्शन घडते, हे या प्रथेमागील गृहीतक. या दर्शनातला 'माणूस' नेमका कोण, हा प्रश्न मात्र क्वचितच उपस्थित होतो.

सतराव्या शतकात रामदासांनी 'दासबोधा'च्या दुसऱ्या दशकात मूर्खलक्षणांची गणना केली. तेथे मूर्खपणा मुख्यतः वर्तनात आहे. म्हणून तो टाकता येतो. मूर्खलक्षणांपाठोपाठ उत्तमलक्षणांचा समास येतो, त्याची संगती हीच. म्हणींची रीत इतकी एकसरळ नाही. 'नाचता येईना, अंगण वाकडे' या म्हणीत सबब सांगणाऱ्याचे शब्दच त्याच्यावर उलटतात. लक्ष्य वर्तनच आहे. 'आंधळे दळते, कुत्रे पीठ खाते' या म्हणीचा रोख अनागोंदीवर असला, तरी हसण्याचा भार आंधळ्याच्या देहावर पडतो. 'नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्ने' या म्हणीत तर दुर्गुण कोणताच नाही. आहे ते दुर्दैव, आणि तेही स्त्रीचे. दुर्गुण आणि व्यंग यांतील सीमारेषा विनोदात अशी पुसली जाते.

एकोणिसाव्या शतकातील संकलनांनी म्हणी जतन केल्या, हे त्यांचे ऋण मान्य करावेच लागेल. परंतु मोल्सवर्थच्या कोशात (१८३१, दुसरी आवृत्ती १८५७) म्हण शब्दाच्या नोंदीखाली येते, तर मिशनरी आल्फ्रेड मॅनवेअरिंग यांच्या १८९९ मधील संग्रहात ती विषयवार विभागली जाते. कोणी, कोणाला, कोणत्या प्रसंगी म्हटले, हे अशा मांडणीत सहसा उरत नाही. सासूने सुनेला ऐकवलेली म्हण आणि सुनेने सासूच्या माघारी उच्चारलेली तीच म्हण यांचा अर्थ एक नसतो. छापील पानावर मात्र दोन्ही उच्चार 'लोकांचे शहाणपण' या एकाच नावाखाली विसावतात. म्हणींतील सार्वत्रिक 'मानवी स्वभाव' हा काही अंशी या संकलनपद्धतीचाच परिणाम होय.

तेव्हा म्हणींचा इतिहास हा हसल्या गेलेल्याइतकाच हसणाऱ्याचाही इतिहास आहे. म्हणीत मूर्ख कोण ठरला, यासोबत तो कोणी ठरवला, हेही अभ्यासकाने विचारले पाहिजे. रामदासांनी त्याच दशकाचा शेवटचा समास पढतमूर्खाला दिला आहे. म्हणींचे संग्रह चाळणाऱ्या आपण पंडितांनी तो विसरू नये.