बाई उठून चालू लागली, त्यानंतर

२१ सप्टेंबर १९४८. अमेरिकेतल्या रोचेस्टर गावात, मेयो क्लिनिकमध्ये, २९ वर्षांच्या एका बाईला इंजेक्शन दिलं गेलं. ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिसनं तिचे सांधे इतके आखडले होते की कूस बदलणंही जड जाई. रोज एक इंजेक्शन. काही दिवसांत ती उठून चालू लागली आणि आठवड्याभरात बाजारात खरेदीला जाऊन आली. त्या द्रव्याचं तेव्हाचं नाव होतं 'कंपाउंड ई'. पुढे ते कॉर्टिझोन म्हणून ओळखलं गेलं.

मला मात्र या इंजेक्शनपेक्षा त्याआधीची वीस वर्षं जास्त आवडतात. १९२९ मध्ये तिथल्या डॉ. फिलिप हेंच यांना एका पेशंटनं सांगितलं की कावीळ झाली आणि सांधे दुखायचे थांबले. दुसरा कुणी असता तर हसून सोडून देता. हेंच नोंदी ठेवत गेले. गरोदरपणातही अनेक बायकांचं हे दुखणं ओसरतं, हे त्यांच्या लक्षात आलं. म्हणजे शरीराकडेच कसलंतरी औषध असणार! त्याच संस्थेत एडवर्ड केंडल हे रसायनशास्त्रज्ञ अ‍ॅड्रिनल ग्रंथींमधून एकेक द्रव्य वेगळं काढत होते. मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या या दोन चिमुकल्या ग्रंथी. दोघांचं बोलणं झालं आणि धागा जुळला.

आपण 'स्टेरॉइड' म्हटलं की जिम आठवते. पण ते एका औषधाचं नाव नाही, चार कड्या जोडलेल्या रेणूंचं ते अख्खं घराणं आहे. कोलेस्टेरॉलपासून शरीर टेस्टोस्टेरॉन बनवतं, इस्ट्रोजेन बनवतं, मीठ-पाणी सांभाळणारं अल्डोस्टेरॉन बनवतं आणि कॉर्टिसॉलही. जिममधली इंजेक्शनं टेस्टोस्टेरॉनची भावकी, दम्याच्या पंपातली औषधं कॉर्टिसॉलची. कॉर्टिसॉल रक्तातली साखर वाढवतं, रक्तदाब टिकवतं आणि रोगप्रतिकारशक्ती भडकली की तिला लगाम घालतं. सांध्यांची सूज उतरते ती या लगामामुळे.

सुरुवातीला कॉर्टिझोन बैलाच्या पित्तापासून तीसहून अधिक पायऱ्यांनी बनत असे, त्यामुळे ते भयंकर महाग होतं. मग मेक्सिकोतला एक रानकंद कामी आला, आपल्या कोनफळ-करांद्यांच्या कुळातला. त्यापासून प्रोजेस्टेरॉन करायचं आणि सर्वांत अवघड पायरी चक्क बुरशीकडून करून घ्यायची, ही युक्ती १९५२ मध्ये जाहीर झाली. किमती कोसळल्या.

हेंच, केंडल आणि स्वित्झर्लंडचे टाडेयुश राइखश्टाइन यांना १९५० मध्येच नोबेल मिळालं होतं. पण तोवर दुसरी बाजूही दिसू लागली होती. पेशंटचे चेहरे चंद्रासारखे गोल होत, साखर वाढे, मन थाऱ्यावर राहत नसे. इंजेक्शन थांबवलं की दुखणं परत. यात औषधाचा खोटेपणा काहीच नव्हता. शरीरात कॉर्टिसॉल जे करतं तेच ते करत होतं, फक्त कैक पटींनी.

हेच आपण २०२०-२१ मध्ये पाहिलं. जून २०२० मध्ये ब्रिटनच्या 'रिकव्हरी' चाचणीनं दाखवलं की डेक्सामेथासोनमुळे व्हेंटिलेटरवरच्या कोविड पेशंटांचे मृत्यू सुमारे एक-तृतीयांशानं घटतात. ज्यांना ऑक्सिजनची गरज नव्हती त्यांना मात्र त्याचा फायदा दिसला नाही. हे दुसरं वाक्य आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कधी पोचलंच नाही, प्रिस्क्रिप्शनचे फोटो तेवढे फिरले. पुढच्या वर्षी महाराष्ट्रात काळ्या बुरशीनं अनेकांचे डोळे गेले, जीव गेले. वाढलेली साखर आणि लगाम घातलेली प्रतिकारशक्ती, बुरशीला आणखी काय हवं?

आणि मध्येच गोळी बंद करणं? बाहेरून भरपूर मिळतंय म्हटल्यावर मेंदू अ‍ॅड्रिनलला निरोप धाडणं थांबवतो आणि ग्रंथी आक्रसतात. बरेच दिवस घेतलेलं स्टेरॉइड एकदम तोडलं तर रक्तदाब कोसळून जीवावर बेतू शकतं. म्हणून डॉक्टर डोस टप्प्याटप्प्यानं उतरवतात. झोपलेल्या ग्रंथींना पुरतं जागं व्हायला कधी काही आठवडे लागतात, कधी महिनेही.