'एक्सओ-१'ची मेमरी: कुठे वाढते, कुठे नाही

रायगड जिल्ह्यातील कर्जत तालुक्यात खैरात नावाची लहानशी वाडी आहे. तेथील एकशिक्षकी प्राथमिक शाळेतील वीसेक मुलांच्या हाती ऑक्टोबर २००७ मध्ये हिरव्या-पांढऱ्या रंगाचे 'एक्सओ-१' लॅपटॉप आले. 'वन लॅपटॉप पर चाइल्ड' या जागतिक योजनेचा हा भारतातील पहिला प्रयोग होय. केंद्रीय मनुष्यबळ विकास मंत्रालयाने २००६ मध्येच ही योजना नाकारली होती; म्हणून या वाडीतील प्रयोगाकडे सर्वांचे विशेष लक्ष होते.

हे यंत्र आता जुन्या संगणकांच्या संग्राहकांकडे आढळते. ते हाती आले की पहिला प्रश्न हमखास मेमरीचा असतो. येथे दोन गोष्टींची गल्लत होते. यंत्रात २५६ मेगाबाइट रॅम आहे, म्हणजे काम चालू असताना लागणारी जागा. आणि १ गिगाबाइट फ्लॅश आहे, म्हणजे फाइली कायम ठेवण्याची जागा. दुसरी सहज वाढवता येते, पहिली नाही.

रॅमच्या चिपा मुख्य पट्टीवर थेट डाखलेल्या आहेत; नवी पट्टी बसवण्यासाठी खाच ठेवलेलीच नाही. शंभर डॉलरचे उद्दिष्ट गाठायचे (प्रत्यक्षात ते गाठले गेले नाहीच), तर प्रत्येक जोडणीचा खर्च वाचवणे भाग होते. शिवाय मुलांच्या हातून आपटणाऱ्या, धुळीत वावरणाऱ्या यंत्रात जोडण्या जितक्या कमी तितके बरे. निर्णय समर्थनीय होता, पण त्याची किंमत पुढे वापरणाऱ्यांना मोजावी लागली. 'शुगर' या प्रणालीतील बरेच उपक्रम पायथॉन भाषेत लिहिलेले आहेत आणि प्रत्येक उपक्रम स्वतंत्रपणे मेमरी व्यापतो. दोन-तीन उपक्रम एकदम उघडले की यंत्र अडखळते. कधी प्रणालीच एखादा उपक्रम बंद करून टाकते.

उष्ण हवेच्या साधनाने चिपा काढून मोठ्या क्षमतेच्या बसवण्याचा विचार काहींच्या मनात येतो. त्यासाठी नव्या चिपांचा तपशील फर्मवेअरलाही द्यावा लागतो. चालू यंत्र गमावण्याचा धोका पाहता हा मार्ग न धरणेच श्रेयस्कर.

व्यवहार्य उपाय पडद्याच्या कडेखालील एसडी कार्डाच्या खाचेत आहे. कार्डाचा एक भाग 'स्वॅप' म्हणून राखून ठेवल्यास लिनक्स रॅममधील निष्क्रिय मजकूर तेथे हलवते. कार्ड रॅमपेक्षा हजारो पटींनी मंद असते. त्यामुळे यंत्र वेगवान होत नाही, फक्त उपक्रम मध्येच बंद पडण्याचे प्रमाण घटते. सततच्या लेखनाने कार्ड झिजते, म्हणून महत्त्वाच्या फाइली त्याच कार्डावर ठेवू नयेत. यंत्र चालू असताना स्वॅपचे कार्ड उपसणे म्हणजे ते जागच्या जागी गोठवणे. अंतर्गत फ्लॅशवर मात्र स्वॅप कधीही नको. ती झिजली तर बदलता येत नाही.

त्याच वर्षी बाजारात आलेल्या असूसच्या 'ईई पीसी ७०१'ची गोष्ट वेगळी. त्याच्या ४जी प्रकारात ५१२ मेगाबाइटची डीडीआर२ पट्टी पाठीमागील झाकणाखाली सापडते. तिच्या जागी २ गिगाबाइटची बसते, परंतु सोबत आलेली मूळ लिनक्स प्रणाली १ गिगाबाइटपुढची मेमरी ओळखत नसे. पट्टी बदलून फरक न दिसल्याने दुकानदाराशी हुज्जत घालणाऱ्याने ही बाब आधी तपासावी.

जुन्या लॅपटॉपसाठी पट्टी घेताना केवळ आकार पाहून भागत नाही. डीडीआर आणि डीडीआर२ या दोन्ही पट्ट्यांना २०० पिना असतात, पण खाचेची जागा किंचित वेगळी आणि विद्युतदाबही वेगळा, अनुक्रमे २.५ व १.८ व्होल्ट. डीडीआर३ला २०४ पिना. पट्टी बसत नसेल तर जोर लावू नये. काम करण्यापूर्वी बॅटरी काढावी आणि एखाद्या धातूच्या वस्तूला हात लावून अंगातील स्थिर वीज उतरवावी.

मेमरीचा प्रश्न मार्गी लागला तरी प्रणालीचा उरतोच. डेबियनने २०२५ मधील तेराव्या आवृत्तीपासून ३२-बिट संगणकांसाठी स्वतंत्र प्रतिष्ठापन देणे थांबवले. 'एक्सओ-१'वर चालणारी १३.२ ही मालिका फेडोरा १८ वर आधारलेली आहे. म्हणून हे यंत्र लेखन, चित्रे आणि गणितासाठी महाजालाशी न जोडता वापरणेच योग्य. बँकेच्या व्यवहारांसाठी ते मुळीच वापरू नये.