मणिकर्णिकेच्या अलीकडे

काशीतील मणिकर्णिका घाटाशी महाराष्ट्राचे नाते जुने आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस अहिल्याबाई होळकरांनी या घाटाचे बांधकाम करविले. शेजारचा घाट शिंद्यांच्या नावाने ओळखला जातो. आणि मोरोपंत तांब्यांच्या ज्या कन्येस पुढे जगाने झाशीची राणी म्हणून ओळखले, तिचे माहेरचे नाव मणिकर्णिकाच. आपल्याकडील वृद्ध मंडळी पिढ्यान् पिढ्या काशीवासासाठी येथे येत, ती परत जाण्याच्या विचाराने येत नसत. आजही पूर्व उत्तर प्रदेशातून आणि पश्चिम बिहारमधून प्रेते या घाटावर आणली जातात. काशीतील मराठी माणसांच्या घाटांवर, मठांवर आणि पाठशाळांवर पुष्कळ लिहिले गेले आहे व ते योग्यच आहे. आम्ही येथे घाटाच्या अलीकडचा थोडा इतिहास सांगणार आहोत. जो रोगी अकाली या घाटावर पोचला असता, पण पोचला नाही, त्याचा हा इतिहास आहे.

गंगेच्या या खोऱ्यात काळा आजार नावाचा रोग फार दिवसांपासून वस्तीला होता. वाळूमाशीच्या चाव्यातून एक परजीवी शरीरात शिरतो. लिशमन आणि डोनोव्हन या दोघा वैद्यकांनी १९०३ साली त्याची ओळख पटविली व त्यांचीच नावे त्यास मिळाली. ताप आठवडेच्या आठवडे राहतो, प्लीहा वाढून पोट फुगते, हातापायांच्या काड्या होतात, कातडी काळवंडते. आणि उपचार न झाल्यास रोगी बहुधा दगावतो. १९९२ साली भारतात या रोगाच्या ७७,१०२ रोग्यांची आणि १,४१९ मृत्यूंची नोंद झाली. ज्यांची नोंद झाली नाही, ती माणसे या आकड्यांत नाहीत. हा रोग मातीच्या भिंतींच्या घरांतील, मोलमजुरी करणाऱ्यांचा. त्यामुळे शहरातील सुशिक्षितांस त्याचे नावही क्वचितच ठाऊक असे.

रोगाचे निदान हीच पहिली अडचण होती. खात्रीचा मार्ग म्हणजे प्लीहेत किंवा अस्थिमज्जेत सुई घालून द्रव काढणे. प्लीहेतून रक्तस्राव झाला तर प्राणाशी गाठ. खेड्यातील दवाखान्यात हे धाडस कोण करणार? येथे अब्जांश तंत्रज्ञान मदतीस आले. मीटरचा एक अब्जांश भाग म्हणजे एक नॅनोमीटर. आपला केस साधारण ऐंशी हजार ते एक लाख नॅनोमीटर जाडीचा असतो. काही दशनॅनोमीटर आकाराचे सोन्याचे कण पाण्यात तरंगत ठेवले, तर ते पिवळे न दिसता माणकासारखे लाल दिसतात. मायकेल फॅरेडेने लंडनमध्ये १८५७ साली याचा अभ्यास केला होता. काशी हिंदू विश्वविद्यालयातील डॉ. श्याम सुंदर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ साली प्रसिद्ध केलेल्या कागदी पट्टीच्या चाचणीत हेच कण कामी आले. बोटातून काढलेला रक्ताचा थेंब पट्टीवर ठेवावयाचा. रक्तात या रोगाविरुद्धची प्रतिद्रव्ये असतील तर सोन्याचे कण त्यांना चिकटतात, वर चढतात आणि आरके-३९ नावाचे प्रथिन लावलेल्या ठिकाणी अडकून लाल रेघ उमटवितात. रेघ दिसली की निदान झाले. सुई नको, सूक्ष्मदर्शक नको. तथापि रोग बरा झाल्यावरही प्रतिद्रव्ये दीर्घकाळ रक्तात राहतात, म्हणून रोग उलटला की काय, हे या रेघेवरून कळत नाही.

सोन्याचा विषय निघालाच आहे तर थोडे विषयांतर करणे भाग आहे, कारण आपल्या घरांतून सोने हे औषध म्हणून अपरिचित नाही. बाळास मधात सोने उगाळून चाटवणे, जुन्या तापावर सुवर्णमालिनी वसंत देणे, हे आपण पाहिलेले आहे. रसशास्त्रातील वैद्यांनी भस्माच्या ज्या कसोट्या ठरविल्या, त्या खरोखर कौतुकास्पद आहेत. भस्म पाण्यावर तरंगले तर ते वारितर, बोटांच्या रेषांत शिरून बसले तर रेखापूर्ण. कणांची सूक्ष्मता मोजण्याची साधने नसताना त्यांनी ती डोळ्यांनी व बोटांनी पारखली. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतील डॉ. किशोर पाकणीकर व त्यांचे परदेशी सहकारी यांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सुवर्णभस्मातील सोन्याच्या कणांचा सरासरी आकार ५६ ते ५७ नॅनोमीटर आढळला. हे वाचून ‘आमच्याकडे सर्व काही पूर्वीच होते’ असे म्हणण्याचा मोह आपल्यापैकी अनेकांस होतो. आम्हांस तो मान्य नाही. कण सूक्ष्म आहे एवढ्याने तो औषध ठरत नाही. रोग्यांच्या दोन गटांत तुलना करून गुण सिद्ध व्हावा लागतो. शिवाय अमेरिकेत बॉस्टनच्या परिसरातील दुकानांतून घेतलेल्या ७० आयुर्वेदीय औषधांपैकी १४ औषधांत शिसे, पारा किंवा आर्सेनिक आढळले, असे २००४ साली तेथील वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. दूरदेशी राहून गावाकडून पुड्या मागविणाऱ्या कुटुंबांनी हे ध्यानात ठेवलेले बरे.

आता उपचाराकडे वळू. उपेंद्रनाथ ब्रह्मचारी यांनी कलकत्त्यात विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकाच्या आरंभी अँटिमनीपासून तयार केलेल्या औषधाने असंख्य जीव वाचविले. परंतु १९९०नंतरच्या दशकात उत्तर बिहारमधील निम्म्याहून अधिक रोग्यांना अँटिमनीचा उपयोग होईना. अँफोटेरिसिन-बी हे दुसरे औषध गुणकारी होते, पण मोठे तापट. थंडी वाजून ताप भरे, मूत्रपिंडांना इजा होई, आणि दिवसाआड एक अशा १५ शिरेतील सलाइन घेण्यासाठी रोग्यास महिनाभर रुग्णालयात पडून राहावे लागे. रोजंदारीवर जगणाऱ्या कुटुंबाचा कर्ता महिनाभर खाटेवर पडला म्हणजे घरात चूल कशी पेटणार?

इंग्लंडमधील अ‍ॅलेक बँगहॅम यांनी १९६०नंतर दाखविले होते की विशिष्ट स्निग्ध पदार्थ पाण्यात आपोआप सूक्ष्म पोकळ गोळ्यांचे रूप घेतात. त्यांना लायपोसोम म्हणतात. शंभर नॅनोमीटरहून लहान अशा गोळ्यांच्या स्निग्ध भिंतीत अँफोटेरिसिन बसविले, तर ते मूत्रपिंडांना फारसे त्रास देत नाही. याहून महत्त्वाची गोष्ट अशी की यकृतातील आणि प्लीहेतील भक्षक पेशी या गोळ्यांना परके समजून गिळून टाकतात. आणि काळ्या आजाराचा परजीवी नेमका त्याच पेशींच्या पोटात दडून बसलेला असतो. शिवछत्रपती आग्र्याहून मिठाईच्या पेटाऱ्यांतून बाहेर पडले असे आपण लहानपणापासून ऐकतो. येथे पेटाऱ्यांतून शत्रूच्या गोटात प्रवेश होतो.

या कामी मुंबईचाही वाटा आहे. परदेशी लायपोसोम औषध आवाक्याबाहेरचे असताना दिल्ली विद्यापीठातील बिमलकुमार बच्छावत यांच्या प्रयोगशाळेने आणि परळच्या केईएम रुग्णालयात डॉ. नीलिमा क्षीरसागर यांनी मिळून देशी लायपोसोम अँफोटेरिसिन तयार करून रोग्यांवर पारखले. ते रोग्यास देण्यापूर्वी कुपी ध्वनिलहरींच्या यंत्रात ठेवून कण बारीक करून घ्यावे लागत. ही खटपट परिचारिकांना करावी लागे, परंतु त्यायोगे औषध स्वस्त राहिले.

डॉ. श्याम सुंदर यांच्या चमूने मुझफ्फरपूर येथे ४१२ रोग्यांवर केलेली तुलना २०१० साली प्रसिद्ध झाली. ३०४ जणांस लायपोसोम औषधाची एकच मात्रा देऊन दुसऱ्या दिवशी घरी पाठविले. १०८ जणांसाठी जुन्या पद्धतीच्या १५ मात्रांचा उपचार ठरविला. सहा महिन्यांनंतर पहिल्या गटातील ९५.७ टक्के आणि दुसऱ्यातील ९६.३ टक्के रोगी बरे होते. म्हणजे नव्या औषधाने अधिक माणसे बरी झाली नाहीत. महिन्याचा वनवास एका दिवसावर आला. आमच्या मते या संशोधनाचे मोल त्या दिवसांच्या हिशेबात आहे. पुढे २०११ साली जागतिक आरोग्य संघटनेने उत्पादक कंपनीशी करार करून हे महागडे औषध देणगीरूपाने मिळविले, आणि भारताच्या निर्मूलन कार्यक्रमात एक मात्रेचा उपचार अग्रक्रमाचा झाला.

याच औषधाचे नाव २०२१च्या मे महिन्यात अवघ्या महाराष्ट्राच्या तोंडी होते. करोनातून उठलेल्या रोग्यांना काळ्या बुरशीने गाठले, तिच्यावर उतारा हाच होता, आणि कुप्या मिळेनाशा झाल्या. घरापासून दूर असलेली कित्येक माणसे त्या दिवसांत रात्र रात्र दूरध्वनीवर कुठल्या शहरात किती कुप्या आहेत याचा शोध घेत होती. त्यांतील बहुतेकांस ठाऊक नसेल की तेच औषध बिहारच्या खेड्यांतील मजुरांवर अकरा वर्षांपूर्वीच पारखले गेले होते.

२०२३ साली देशातील काळ्या आजाराच्या रोग्यांची नोंद सहाशेच्या आत आली. वाळूमाशीविरुद्धची फवारणी, पट्टीची चाचणी आणि एक मात्रेचा उपचार, तिघांचेही हे श्रेय आहे. मात्र बऱ्या झालेल्या काहींच्या अंगावर पुढे काही महिन्यांनी वा वर्षांनी फिकट डाग उठतात. दुखत नाहीत, खुपत नाहीत, म्हणून माणूस वैद्याकडे जात नाही. पण त्या डागांत परजीवी जिवंत असतो आणि वाळूमाशी तेथून तो पुन्हा उचलते. या डागांवर एका मात्रेचे काम भागत नाही, उपचार आठवडेच्या आठवडे चालतो. अशा माणसांना दारोदार शोधण्याचे काम बिहारमध्ये आणि पूर्व उत्तर प्रदेशात अजून चालू आहे.